पत्ता हरवलेली विकरे : ‘आय-सेल’ व्याधीची उकल

१९६७. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ज्यूल्स लिरॉय आणि रॉबर्ट डीमार्स हे एका दुर्धर व्याधीने ग्रस्त बालकांच्या त्वचेतील पेशी वाढवून पाहत होते. त्या पेशी गडद कणांनी ठासून भरलेल्या होत्या. या कणांना इंग्रजीत ‘इन्क्लुजन’ म्हणतात. त्याच्याच आद्याक्षरावरून व्याधीला ‘आय-सेल’ हे नाव पडले.

पेशीतील टाकाऊ द्रव्य लायसोसोम या कोशात पचते. पचवण्याचे काम अनेक विकरांचे, म्हणजे एन्झाइम्सचे. त्यांपैकी एखादे नसणे समजण्याजोगे होते. परंतु येथे कितीतरी विकरे एकाच वेळी बेपत्ता होती, आणि तीच पेशींभोवतीच्या द्रवात व रुग्णांच्या रक्तात मुबलक सापडत होती! पेशी गळकी असावी, असे वाटणे स्वाभाविक होते.

बालपणीच नाझी संकटामुळे कुटुंबासह फ्रान्स सोडून अमेरिकेत आलेल्या एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी १९७२ मध्ये स्कॉट हिकमन यांच्यासह हा तर्क मोडीत काढला. त्यांचा प्रयोग साधा होता. निरोगी पेशींची विकरे आय-सेल पेशींना दिली. त्यांनी ती विनासायास आत घेतली. मग उलट केले. आय-सेल पेशींची विकरे इतर पेशींना दिली, तर ती कोणी आत घेईना. म्हणजे दोष दाराचा नव्हता, मालावर पत्ताच नव्हता.

तो पत्ता कशाचा, हे १९७७ साली विल्यम स्लाय यांच्या गटाने दाखवले : मॅनोज शर्करेवर जोडलेला फॉस्फेटचा अंश. १९८१ मध्ये सेंट लुईसचे स्टुअर्ट कॉर्नफेल्ड आणि जर्मनीतील कुर्ट फॉन फिगुरा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले की हा शिक्का मारण्याची सुरुवात करणारे विकरच या रुग्णांत नसते. एक कारकून गैरहजर, आणि सारे टपाल रस्त्यावर.

न्यूफेल्ड यांचा एक अंदाज मात्र पुढे बदलावा लागला. विकरे आधी पेशीबाहेर पडून मग परत आत येतात, असे त्यांना वाटे; प्रत्यक्षात बहुतेक विकरे पेशीच्या आतूनच लायसोसोमकडे रवाना होतात. बाहेरची वाट म्हणजे आडवाट. पण औषधाला तीच लाभली. हर्लर व्याधीत एकच विकर उणे असते. २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले त्याचे औषध शिरेतून दिले जाते आणि अंगावरील त्याच शिक्क्याच्या बळावर पेशींत शिरते.

आय-सेलच्या बालकांत मात्र कितीतरी विकरे एकदमच वाट चुकलेली असतात. त्यांच्यासाठी अद्याप खात्रीचा इलाज नाही. बहुतेकांचे आयुष्य पहिल्या दशकातच संपते.