ई-स्कॉल
ई-स्कॉल : स्कॉटलंडच्या वायव्येकडील आउटर हेब्रिडीज बेटांवरील शाळांसाठी तेथील स्थानिक परिषदेने २०१६ मध्ये सुरू केलेली ऑनलाइन अध्यापनव्यवस्था. केंद्र लुइस बेटावरील स्टॉर्नोवे येथे. गेलिक भाषेत ‘स्कॉल’ म्हणजे शाळा. लहान बेटावर एखादा विषय घेणारी दोन-तीनच मुले असतात. तेवढ्यांसाठी शिक्षक मिळणे कठीण, आणि दुसऱ्या बेटावरून शिक्षक यावा तर वादळात बोटही बंद. ई-स्कॉलमध्ये पडद्यावर आधी चित्रित केलेला धडा नसतो, प्रत्यक्ष शिक्षक असतो. मूल अडले की तिथल्या तिथे विचारते, शिक्षक त्याला नावाने हाक मारून समजावतो. या व्यवस्थेचे खरे बळ तेच. गेलिक माध्यमाच्या शिक्षकांची टंचाई असल्याने भाषा टिकवण्याचे मोलाचे कामही तिच्याकडे आले. २०२० च्या कोविडकाळात तिचे वर्ग स्कॉटलंडभरच्या विद्यार्थ्यांना खुले झाले.