पदवी आणि पदविका : १८५७ची दोन भावंडे

हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा आमचा जुना विद्यार्थी काही वर्षांपूर्वी मराठीच्या एम. ए.चा अर्ज घेऊन आला होता. बारावीनंतर त्याने जी. डी. आर्ट केलेले होते. फाउंडेशनचे एक आणि पुढची चार, अशी पाच वर्षे. बोहाड्याच्या मुखवट्यांवर त्याला लिहायचे होते. ते मुखवटे त्याने लहानपणापासून रंगवलेले. अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा : मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी नाही. पाच वर्षांची पदविका तीन वर्षांच्या पदवीपुढे उणी कशी पडते, हे त्याला सांगताना आमचीच त्रेधा उडाली.

याचे उत्तर शोधायचे तर १८५७पर्यंत मागे जावे लागते. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन संस्थेत सुरू झाले. त्याच वर्षीच्या १८ जुलैला मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. एकाच शहरात, साडेचार महिन्यांच्या अंतराने जन्मलेली ही दोन भावंडे. गंमत अशी की त्या काळी विद्यापीठ काही शिकवतच नव्हते. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवत होते ते जे. जे.! तरीही ज्ञानाचा शिक्का एकाच्या हाती राहिला आणि दुसऱ्याच्या कपाळी ‘हुन्नर’ हा शब्द कायमचा बसला. कारागिरांचे हात सुधारावेत हा कलाशाळेमागचा सरकारी हेतू होता. विचार करणे हे तिचे काम मानलेच गेले नाही.

प्रत्यक्षात काय घडले? प्राध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.चे विद्यार्थी १८७२पासून १८८५पर्यंत अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यांतल्या अनेक पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या. पण त्या कामावर आधारलेले ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७मध्ये निघाले. आज आपण ज्याला क्षेत्रीय संशोधन म्हणतो ते याहून निराळे काय असते? या मुलांपैकी कुणालाही त्याबद्दल पदवी मिळण्याची सोय नव्हती.

स्वातंत्र्यानंतर वाट फुटली ती बडोद्यात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९५० साली ललित कला विद्याशाखा उघडली आणि चित्रकलेची पदवी देऊ केली. तिथे चित्रकला शिकवणारे ना. श्री. बेंद्रे स्वतः मुंबईच्या पदविकेचे. म्हणजे पदवीचा पायाच पदविकाधारकाने घातला. मुंबईत मात्र जे. जे.ची चित्र-शिल्पशाखा विद्यापीठाशी जोडली जायला १९८१ उजाडावे लागले : एकशे चोवीस वर्षे! अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (१९६१) कहाणी याहून बोलकी. देशातले नामांकित अभिकल्पकार घडवूनही २०१४च्या कायद्यापर्यंत तिला पदवी देता येत नव्हती. पवईतले औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ साली निघाले. पण ते आय. आय. टी.च्या कुशीत असल्याने त्याच विद्येला तिथे पदवीचे छत्र मिळू शकले. फरक अभ्यासक्रमाच्या खोलीचा नव्हता, सनदेचा होता.

मराठीच्या विभागांना तर हा भेद करताना थोडा संकोच वाटायला हवा. अरुण कोलटकर जे. जे.चे पदविकाधारक आणि पेशाने जाहिरात-कलावंत. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे प्रभाकर बरवेही जे. जे.चेच. धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन त्याच आवारातून आलेले. ज्यांना आपण अभ्यासक्रमात वाचतो, त्यांच्याच कागदांवर आपली खिडकी बंद व्हावी, हे विलक्षण आहे. समकक्षता ठरवण्याचा अधिकार प्रत्येक विद्यापीठाकडे असतो. तेव्हा नियमांपुढे आपण अगदीच हतबल आहोत, ही सबब पुरेशी नाही.

२०२३ साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शिक्का मारण्याचा अधिकार आता धाकट्याकडेही (की थोरल्याकडे? जन्मतारखेने थोरला तोच) आला. जुन्या पदविकांचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याने नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. ए. केले, आणखी तीन वर्षे देऊन. मग एम. ए. केले. बोहाड्यावरचा त्याचा प्रबंध आमच्याकडे आहे. त्यातला शब्दांचा भाग बरा आहे; पण मुखवट्यांची त्याने काढलेली रेखाटने आम्ही पुन्हा पुन्हा उघडतो.