शस्त्रक्रियाविरहित मेंदू-उद्दीपन आणि प्रेरक लवचीकता

शस्त्रक्रियाविरहित मेंदू-उद्दीपन म्हणजे कवटी न उघडता चुंबकीय क्षेत्र किंवा सौम्य विद्युतप्रवाह यांच्या साहाय्याने मेंदूच्या ठराविक भागाला उद्दीपित करण्याची पद्धत होय. हे उद्दीपन विशिष्ट क्रमाने काही मिनिटे दिल्यास ते थांबल्यानंतरही मेंदूच्या उत्तेजनक्षमतेत बदल टिकून राहतो. शरीराच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या प्रेरक तंत्रात घडणाऱ्या अशा बदलास प्रेरक लवचीकता म्हणतात. पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या हाताची हालचाल परत मिळवून देता येईल का, या प्रश्नामुळे या विषयाला वैद्यकीय महत्त्व आले आहे. ‘शॉक’ या नावाने परिचित असलेला विद्युत-आक्षेपी उपचार आणि ही पद्धत एक नव्हे. येथे भूल दिली जात नाही व झटकाही आणला जात नाही.

इतिहास

टिमोथी ब्लिस व तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, चेतापेशींना वेगाने पुन्हा पुन्हा उद्दीपित केल्यास त्यांच्यातील जोडण्या दीर्घकाळ बळकट होतात. स्मृती व शिक्षण यांचा पेशीस्तरावरील पाया म्हणून या शोधाकडे पाहिले जाते. जिवंत माणसात मात्र असा प्रयोग करण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता. मर्टन व मॉर्टन यांनी १९८० मध्ये टाळूवरून उच्च दाबाचा विद्युत आघात देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले, पण तो वेदनादायक होता. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी पारकवटी चुंबकीय उद्दीपन (टीएमएस) हे तंत्र मांडले आणि ही अडचण दूर झाली.

कार्यपद्धती

टीएमएसचा आधार मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हाच आहे. डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला जातो. त्याचे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनाअडथळा आत जाते आणि मेंदूच्या पृष्ठभागालगत विद्युतप्रवाह निर्माण करते. वेटोळे प्रेरक क्षेत्राच्या हाताशी संबंधित भागावर असेल तर विरुद्ध बाजूच्या हाताचा स्नायू सुमारे २० मिलिसेकंदांनी आकुंचन पावतो. त्वचेवर लावलेल्या विद्युतअग्रांनी ही प्रतिक्रिया मोजता येते. उद्दीपनाच्या सत्रापूर्वी व सत्रानंतर तेवढ्याच तीव्रतेचा स्पंद देऊन प्रतिक्रिया वाढली की घटली हे पाहिले जाते. लवचीकता मोजण्याची ही रीत अप्रत्यक्ष आहे, कारण तिच्यात मेंदूसोबत मज्जारज्जूचाही वाटा मिसळलेला असतो.

बदल कोणत्या दिशेने होईल हे स्पंदांच्या लयीवर अवलंबून असते. सेकंदाला सुमारे एक स्पंद दिल्यास उत्तेजनक्षमता सामान्यतः घटते, तर पाच किंवा अधिक दिल्यास वाढते. २००० मध्ये कात्या स्टेफान व सहकाऱ्यांनी मनगटातील मध्य चेतेला विद्युत स्पंद देऊन २५ मिलिसेकंदांनी मेंदूला चुंबकीय स्पंद दिला. अशा ९० जोड्यांनंतर प्रतिक्रिया वाढली. पुढे हेच अंतर १० मिलिसेकंदांवर आणल्यावर ती घटल्याचे आढळले. दोन संदेशांच्या वेळेतील एवढ्याशा फरकाने परिणाम उलटावा, ही बाब प्राण्यांच्या चेतापेशींतील निरीक्षणांशी जुळणारी होती. २००५ मध्ये यिंग-झू हुआंग व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये थीटा-स्फोट उद्दीपन विकसित केले. त्यात तीन-तीन स्पंदांचे गट सेकंदाला पाच वेळा दिले जातात आणि अवघ्या ४० सेकंदांच्या अखंड सत्राचा परिणाम तासाभरापर्यंत टिकू शकतो.

पारकवटी एकदिश प्रवाह उद्दीपन (टीडीसीएस) हे तंत्र अधिक साधे व स्वस्त आहे. त्यात ओलसर स्पंजमधून एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह दिला जातो. त्याने चेतापेशी थेट प्रज्वलित होत नाहीत, त्यांची सज्जता तेवढी बदलते. मायकेल निट्शे व वॉल्टर पाउलुस यांनी २००० मध्ये ग्योटिंगेन येथून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले.

मेंदूतील एनएमडीए ग्राही रोखणारी औषधे दिल्यास थीटा-स्फोट उद्दीपन व टीडीसीएस यांचा उत्तरपरिणाम नाहीसा होतो. त्यामुळे हे बदल चेतापेशींच्या जोडण्यांमध्ये घडतात असे मानण्यास आधार मिळतो. तो सबळ असला तरी प्रत्यक्ष पुरावा नव्हे.

परिणामांतील अस्थिरता

सुरुवातीचे निष्कर्ष लहान गटांवर आधारित होते. लोपेझ-अलोन्सो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५६ निरोगी व्यक्तींवर तीन पद्धती तपासल्या, तेव्हा अपेक्षित प्रतिसाद ३९ ते ४५ टक्के व्यक्तींतच आढळला. त्याआधी २०१३ मध्ये हमादा व सहकाऱ्यांनी, चुंबकीय स्पंद कोणत्या आंतर-चेतापेशींना जागे करतो यावर प्रतिसादातील बराच फरक अवलंबून असतो, असे दाखवले होते. वय, उद्दीपनाआधीची स्नायूंची हालचाल आणि मेंदूची तत्कालीन अवस्था यांचाही प्रभाव पडतो. त्यामुळे एखाद्या रुग्णाला उपयोग होईलच असे आधी सांगता येत नाही.

पक्षाघातातील उपयोग

पक्षाघातानंतर मेंदूचा निरोगी गोलार्ध बाधित गोलार्धाला दडपतो, या गृहीतकावरून निरोगी बाजूला मंद लयीचे उद्दीपन देऊन तिला शांत करण्याचे प्रयत्न झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने हाताच्या हालचालीसाठी या पद्धतीला वरच्या श्रेणीचा पुरावा असल्याचे म्हटले. परंतु अमेरिकेतील १२ केंद्रांवर १९९ रुग्णांचा सहभाग असलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या व लटक्या उद्दीपनाच्या गटांत फरक आढळला नव्हता. दोन्ही गटांतील सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण सुधारले. दोघांनाही हाताचा व्यायाम दिला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. उद्दीपन हे व्यायामोपचाराला पूरक ठरू शकते, पर्याय नव्हे. अनेक आठवडे चालणाऱ्या सत्रांसाठी हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून मोठ्या शहरात ये-जा करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

भारतातील संशोधन

बंगळूरच्या निमहान्स संस्थेत उर्वक्ष मेहता, जगदीश तीर्थहळ्ळी व सहकाऱ्यांनी छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या प्रेरक क्षेत्राचा टीएमएसद्वारे अभ्यास केला. दुसऱ्याची कृती पाहताना या क्षेत्रात होणारी वाढ रुग्णांत कमी असल्याचे त्यांना आढळले (२०१४). गांधीनगरच्या आयआयटीतील प्रतीक मुथा यांच्या गटाने २०२० मध्ये, एका हाताने शिकलेले कौशल्य दुसऱ्या हाताकडे जाण्यात मेंदूच्या डाव्या पश्च पार्श्विका भागाचा वाटा असल्याचे टीडीसीएसच्या साहाय्याने दाखवले.

सुरक्षितता

डोकेदुखी, टाळूची चुणचुण व टीएमएस यंत्राच्या आवाजाचा त्रास हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. टीएमएसमुळे अपस्माराचा झटका येणे दुर्मीळ असले तरी शक्य आहे. डोक्यात धातूचे रोपण किंवा कानात कर्णावर्त रोपण असलेल्यांना ते सामान्यतः दिले जात नाही. हृदय-गतिनियंत्रक असलेल्यांनी व अपस्माराच्या रुग्णांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याविना ते घेऊ नये. बॅटरीवर घरगुती टीडीसीएस यंत्र बनवण्याचे प्रयोगही केले जातात. अग्रांच्या जागेत व प्रवाहात चूक झाल्यास त्यातून त्वचा भाजू शकते.