दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि मराठीचे आसन

बदलीचा हुकूम हाती पडला की परप्रांतातील मराठी नोकरदाराच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो मुलांच्या शिक्षणाचा. येथे झालेला अभ्यास तेथे धरला जाईल काय? हा प्रश्न वरवर दाखल्यांचा व गुणपत्रिकांचा दिसतो. वस्तुतः त्याच्या पोटात दोन जुने वाद दडलेले आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला, तो पुढे वकील होवो की वैद्य, कोणते विषय यावयास हवेत, हा एक. आणि एका संस्थेने शिकविलेले दुसरीने केव्हा मान्य करावे, हा दुसरा. आपल्याकडे हे दोन्ही वाद मुख्यतः मॅट्रिक आणि पदवी यांच्यामधील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाभोवती फिरत आले आहेत.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेस १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. मॅट्रिक आणि बी. ए. यांच्या दरम्यान एक मधली परीक्षा होती. तिची नावे व रचना पुढे बदलत गेली, आणि अखेर 'इंटर' हे नाव घरोघरी रूढ झाले. भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र, सृष्टिविज्ञान अशी सर्वांना समान शिदोरी प्रथम द्यावी आणि मग विशेष अभ्यासाकडे वळू द्यावे, हा या टप्प्यामागील हेतू. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे हे पहिले पदवीधर याच वाटेने बाहेर पडले.

परंतु या शिदोरीतून मराठी लवकरच वगळली गेली. आरंभीच्या नियमांत देशी भाषांना स्थान होते. थोड्याच वर्षांत मॅट्रिकच्या पुढे संस्कृतादी अभिजात भाषाच ठेवाव्यात असे ठरले. मराठी वाङ्मय उच्च शिक्षणास पुरेसे नाही, ही त्यामागील समजूत. तिला उत्तर देण्याचे काम त्याच विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतील पदवीधराने अंगावर घेतले. रानड्यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी जे टिपण लिहिले, ते याच खटपटीचा भाग होते. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले. त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. पायऱ्या बंद असताना माडीचे दार उघडावे, तसा हा विजय होता. तरी तो विजय खराच.

याच्या नेमकी उलट कथा धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाची. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी १९१६ साली पुण्यात ही संस्था काढली. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले, इंग्रजी आवश्यक विषय म्हणून राखली, गृहजीवन व आरोग्य यांचे ज्ञान अभ्यासात आणले, आणि पदवीला 'गृहीतागमा' हे सुंदर नाव दिले. येथे मराठीला मानाचे आसन होते. पण सरकारमान्यता नव्हती. ती वैधानिक मान्यता १९५१ साली मिळाली, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षांनी. मुंबईच्या पदवीला सर्वत्र मान होता, तेव्हा तिच्यात मराठी नव्हती. कर्व्यांच्या पदवीत मराठी होती, तेव्हा तिला सरकारदरबारी मान नव्हता. आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील ही कोंडी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान इंटरची दोन वर्षे कोणाची, हा प्रश्न निघाला. १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ च्या अहवालात म्हटले की, हा अभ्यास विद्यापीठाचा नव्हे. तो निराळ्या इंटरमीजिएट महाविद्यालयांकडे व मंडळांकडे सोपवावा. अमेरिकेत त्याच काळात नेमके याच दोन वर्षांचे स्वतंत्र महाविद्यालय आकारास येत होते. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली ते निघाले. तेथे सर्वसाधारण विषयांची दोन वर्षे पुरी करून विद्यार्थी मोठ्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाऊ लागला. आपल्याकडे मात्र ही दोन वर्षे हळूहळू शाळेकडे सरकली. १९४९ मध्ये राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठप्रवेशापूर्वी बारा वर्षांचे शिक्षण असावे असे सांगितले आणि पदवीच्या विद्यार्थ्यालाही सर्वसाधारण शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहा, दोन व तीन वर्षांचा आकृतिबंध मांडला. इंटर संपले, बारावी आली. आणि शास्त्र, वाणिज्य व कला या शाखांच्या भिंती पंधरा-सोळाव्या वर्षीच उभ्या राहिल्या. टप्पा राहिला, त्यामागील समान शिदोरीची कल्पना मात्र विरळ झाली.

मान्यतेचा प्रश्न जीवनमरणाचा कसा होतो, हे पंजाबइतके कोणी अनुभवले नसेल. १८८२ साली लाहोरात स्थापन झालेले विद्यापीठ फाळणीत मागे राहिले. भारतात १९४७ च्या ऑक्टोबरात नवे विद्यापीठ निघाले. त्याची कचेरी सोलनला, वर्ग ठिकठिकाणी, आणि निर्वासित विद्यार्थ्यांसाठी दिल्लीत 'कॅम्प कॉलेज'. पुढे ते चंडीगढला स्थिरावले. घर, गाव व ग्रंथालय गमावलेल्या तरुणांजवळ उरले होते ते शिकलेले तेवढेच. ते मान्य करणारी संस्था मिळणे हे त्यांचे पहिले पुनर्वसन होते.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांची सोय शासनाने पुढे केली. १९२९ साली अजमेर येथे निघालेल्या मंडळाच्या क्षेत्रात अजमेर-मेरवाडा, मध्य भारत आणि मराठी माणसाला जवळचे असे ग्वाल्हेर ही येत. त्याच मंडळाची १९६२ साली पुनर्रचना होऊन केंद्र शासनाच्या बदली होणाऱ्या नोकरांची मुले हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट ठरले. पुढच्याच वर्षी केंद्रीय विद्यालयांचा आरंभ झाला. गुवाहाटीहून आलेला मुलगा चंडीगढला त्याच पुस्तकाचे पुढचे पान उघडू लागला. हे काम लहान नव्हे.

चंडीगढचा सेक्टर २२ हा या शहरातील सर्वांत आधी वसलेल्या भागांपैकी एक. जेन ड्र्यू या इंग्रज स्थापत्यविशारद विदुषीने त्याला रूप दिले. घर, शाळा, बाजार व हिरवळ पायी जाण्याच्या अंतरात असावी, ही त्या नगररचनेची दृष्टी. येथे राहणाऱ्या मराठी कारकुनाला सर्व काही जवळ मिळते; मुलांना हिंदी, इंग्रजी व पंजाबी मिळते. मराठी तेवढी चार भिंतींच्या आत राहते. केंद्रीय मंडळाच्या भाषांच्या यादीत ती आहे. परंतु शिक्षक व पुरेसे विद्यार्थी यांच्यावाचून यादीतील नाव वर्गात उतरत नाही. उलट महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली आहे. म्हणून स्वगृही परतणारा मुलगा मातृभाषेच्याच तासाला पाहुणा ठरतो.

नव्या व्यवस्थेने जुन्या प्रश्नाला नवे रूप दिले आहे. २०२० च्या धोरणाने दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची व पुन्हा परतण्याची मुभा ठेवली. २०२१ पासून मिळविलेले श्रेयांक पेढीतील ठेवीप्रमाणे जमा होऊ शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक आहेत. पैकी ९ निरनिराळ्या विद्याशाखांसाठी आणि ८ भाषांसाठी, ज्यांत आधुनिक भारतीय भाषा येते. समान शिदोरीची कल्पना अशी परतली आहे, आणि तिच्यात मराठीला बसण्यापुरती जागाही आहे.

पण ही जागा आपोआप भरणार नाही. महाविद्यालय जे विषय देऊ करील तेच विद्यार्थी घेईल, आणि जे मागितले जाईल तेच ते देऊ करील. दूरशिक्षणाने मिळविलेले मराठीचे श्रेयांक येथे धरले जावेत, अशी मागणी परप्रांतातील पालकांनी आपापल्या महाविद्यालयांकडे लेखी करणे आता शक्य आहे. आवश्यक विषयांच्या याद्या माणसेच करतात आणि माणसांच्या आग्रहाने त्या बदलतात, एवढे रानड्यांच्या उदाहरणावरून निश्चित दिसते. त्यांच्यापाशी विद्यापीठातील अधिकार होता. आपल्यापाशी अर्ज लिहिण्याची सवय आहे. तीही काही थोडी नव्हे.