जलसंजीवनी : एका साध्या उपचाराचा इतिहास

मला लहानपणी ढाळ लागले, की दादी उशाजवळचा पाण्याचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवी. पाणी प्यायले की जुलाब वाढतात, अशी तिची पक्की समजूत होती. मी रडू लागलो, की अम्मी ओढणीचे टोक भिजवून माझ्या ओठांना लावी, तेही दादीची नजर चुकवून. ही समजूत केवळ अशिक्षितांची होती असे मात्र नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक डॉक्टरही आतड्यांना विश्रांती मिळावी म्हणून जुलाब झालेल्या मुलाला उपाशी ठेवण्यास सांगत. ती कशी खोडून निघाली, हा इतिहास पालकांना व विद्यार्थ्यांना ठाऊक असावा म्हणून हा लेखनप्रपंच.

जुलाबाचा रोगी बहुधा दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. इ. स. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून हे दाखवून दिले. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटा यांनी मिठाचे पाणी थेट शिरेत सोडले आणि मरणाच्या दारातील काही माणसे उठून बसली. पुढे ही पद्धत मागे पडली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात ती नव्या रूपात आणून मृत्यू पुष्कळ कमी केले. परंतु सलाइनला बाटली लागते, सुई लागते, शिकलेला हात लागतो. साथ मात्र येते ती जेथे यांपैकी काहीच नसते अशा वस्तीत.

मग तेच पाणी तोंडाने का देऊ नये? कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १८६ रुग्णांवरील आपला अनुभव १९५३ साली ‘लॅन्सेट’ या प्रख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजले होते. जगाने फारसे लक्ष दिले नाही. आपल्याकडच्या डॉक्टराची उपेक्षा झाली हे शल्य खरेच. तथापि त्यांच्या प्रयोगावरील आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हे रोगी सौम्य असतील आणि एरवीही बरे झाले असते, असे कोणी म्हटले तर उत्तर काय द्यायचे? आपल्या घरीही ताप आपोआप उतरतो आणि श्रेय मिळते ते शेवटच्या गोळीला.

यानंतर १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथील परिषदेत एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज व सोडियम जोडीने आत शिरतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यामागोमाग पाणी जाते. पटकीतही हे दार बंद होत नाही, हे पुढे दिसून आले. मात्र दार उघडे असले तरी प्रमाण चुकून चालत नाही. १९६२ च्या सुमारास मनिला येथे अमेरिकन नौदलाचे डॉ. फिलिप्स यांच्या प्रयोगात काही रुग्ण दगावले आणि तो थांबवावा लागला.

तो धडा लक्षात ठेवून ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी काम केले. रफिकुल इस्लाम व माजिद मोल्ला हे त्यांचे सहकारी. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्ण होते अवघे २९. पण गट पाडलेले होते, आणि शरीरातून किती पाणी गेले ते मोजून त्या हिशेबाने पाजले जात होते. शिरेतून द्यावयाच्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. आकडा लहान, पण तुलना चोख.

खरी कसोटी लागली ती १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले तेव्हा रोगी जमिनीवर घाणीतच पडले होते आणि सलाइन संपत आले होते. त्यांनी लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवले. कलकत्त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने चिकटवून पुड्या तयार झाल्या. पिंपांना नळ बसवले आणि पाणी पाजण्याचे काम रोग्यांच्या आईबापांवर, भावाबहिणींवर सोपवले. लोकांचा सलाइनवर विश्वास होता, म्हणून याला ‘तोंडाने घ्यावयाचे सलाइन’ म्हटले. शंभरांत वीस-तीस दगावण्याचा धोका होता. प्रत्यक्षात मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. येथे तुलनेचा गट नव्हता, आणि तहानलेल्या माणसांना केवळ तुलनेसाठी कोरडे ठेवणे कोणाला शक्य होते? परंतु ढाक्याचा प्रयोग पाठीशी असल्याने या आकड्याला वजन आले. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण मिळाले ते मरणोत्तर, २०२३ मध्ये.

बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरी जाऊन आयांना मीठ, गूळ व पाणी यांचे मिश्रण शिकवले. कार्यकर्त्या किती घरे फिरल्या यावर नव्हे, तर आयांच्या किती लक्षात राहिले यावर त्यांचे वेतन ठरे. तरीही आरंभी वापर कमीच राहिला. शोध घेता असे आढळले, की काही कार्यकर्त्या स्वतःला जुलाब झाल्यावर गोळ्याच घेत होत्या! (आम्हा शिक्षकांनी यातून काय घ्यावे ते मी येथे लिहीत नाही.)

पुढील तुलनात्मक अभ्यासांतून असे दिसले, की मीठ व साखर थोडी कमी केल्यास गुण अधिक येतो. म्हणून २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे मिश्रण बदलले. २००४ पासून मुलांना सोबत दहा ते चौदा दिवस झिंक द्यावे, अशी शिफारस झाली. मुलांचे पातळ जुलाब बहुधा विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. शौचातून रक्त पडत असेल, मूल सुस्तावले असेल किंवा पोटात काही ठरत नसेल, तर मात्र तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. दूध व जेवण बंद करू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे एकसष्ट मुलांना जलसंजीवनी मिळाली होती. आठवीच्या वर्गात मी एक पुडी दाखवून विचारले, ही किती पाण्यात घालाल? कोणी म्हणाले पेलाभर, कोणी बाटलीभर, एक मुलगी म्हणाली, “सर, चव कडक लागेपर्यंत.” पुडीवर स्पष्ट छापले होते, एक लिटर. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी घरून मापाचे भांडे घेऊन आली.