फाइलीचं बारसं

एका जुन्या शब्दकोशाचा स्कॅन उतरवून घेत होतो. मोठी फाइल, आणि नावाला ‘.पार्ट’ असं शेपूट. रात्री वीज गेली. सकाळी पाहिलं तर शेपूट तसंच होतं, आणि ते पाहून मला हायसं वाटलं. फाइल अर्धी होती, पण पुरी असल्याचं सोंग घेऊन बसलेली नव्हती. आपल्याकडे बाराव्या दिवशी पाळण्यात घालेपर्यंत बाळ हे नुसतं बाळ असतं. उतरणाऱ्या फाइलीचंही तसंच. फायरफॉक्स तिला ‘.पार्ट’ लावतो, क्रोम ‘.सीआरडाउनलोड’. पुरी झाली की मगच बारसं.

या रिवाजाचं कूळ ब्राउझरहून पुष्कळ जुनं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्सन यांनी डेनिस रिची यांच्या साथीने पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सची मांडणी सुरू केली. तिथे एक फार मोलाचा निर्णय झाला: फाइलीचं नाव आणि फाइलीतला मजकूर वेगवेगळे ठेवायचे. मजकूर डिस्कवर जिथे लिहिला तिथेच राहतो आणि त्याला एक क्रमांक असतो. फोल्डर ही फक्त यादी, अमुक नावाचा तमुक क्रमांक. सातबारा पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गट नंबर तोच, जमीन जागच्या जागी, फेरफाराची नोंद झाली की नाव बदललं. म्हणून चार जीबीची फाइल त्याच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकली तरी काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. हललेलं काहीच नसतं, नोंद तेवढी बदललेली असते.

मात्र ही नोंद सुरुवातीला दोन टप्प्यांत व्हायची. आधी नवं नाव जोडायचं, मग जुनं काढायचं. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तिला अगोदर पुसावं लागे, आणि नेमकं तेव्हाच यंत्र बंद पडलं तर त्या नावाखाली काहीच उरत नसे. १९८३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून युनिक्सची ४.२बीएसडी ही आवृत्ती आली. तिच्यात ‘रीनेम’ ही एकसंध आज्ञा होती आणि तिच्यासोबत हमीही होती: यंत्र मध्येच कोसळलं तरी त्या नावाखाली जुनी किंवा नवी, एक फाइल असणारच. मला ही हमी संगणकाच्या इतिहासातल्या सर्वांत सज्जन गोष्टींपैकी एक वाटते.

पुढे डॅनिएल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या टपाल-सॉफ्टवेअरसाठी मेलडिर ही पद्धत आखली. तिच्यात तीन फोल्डर: टीएमपी, न्यू, कर. पत्र आधी टीएमपीत लिहायचं, शेवटचं अक्षर पडलं की न्यूमध्ये आणायचं आणि वाचणाऱ्याने पाहिलं की करमध्ये. अर्धं पत्र कुणाच्या हाती पडतच नाही.

ब्रॅम कोहेन यांच्या, फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवणाऱ्या बिटटोरंटने २००१ साली ही गरज आणखी वाढवली. तिथे फाइल सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ उतरत नाही. जो तुकडा दुर्मिळ तो आधी, त्यामुळे शेवट हाती आलेला आणि सुरुवात अजून रिकामी असं सर्रास घडतं. अशी भोकाभोकांची फाइल खऱ्या नावाने संग्रहात पडली, तर तिथे लक्ष ठेवून असलेला प्लेयर तिलाच पुरी समजून उघडायला जातो. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये अपुऱ्यांचा फोल्डर वेगळा आणि पुऱ्या झालेल्यांचा वेगळा ठेवायची सोय आली.

सेटिंगमध्ये हे दोन फोल्डर निवडताना बरेच जण एक गोष्ट विसरतात. तलाठी आपल्या हद्दीबाहेरच्या जमिनीचा फेरफार करू शकत नाही. अपुऱ्या फाइली लॅपटॉपच्या डिस्कवर आणि पुऱ्या बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या, तर नुसत्या नोंदीवर भागत नाही. सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागतो, मग मूळ पुसायचं. त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात केबल निघाली तर पलीकडे पुन्हा अर्धीच फाइल. शक्यतो दोन्ही फोल्डर एकाच डिस्कवर ठेवावेत. आणि टोरंटची फाइल हाताने ओढून हलवू नये. सॉफ्टवेअरमधूनच जागा बदलावी, नाहीतर ते तिला जुन्याच पत्त्यावर शोधत राहतं.

शब्दकोशाचं डाउनलोड मी तिथूनच पुढे सुरू केलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेपूट गळालं.