सशाने वसवलेली शहरे

कोजागिरीच्या चंद्रावरचा ससा मुलांना दाखवण्याचा आमच्या घरी प्रघात आहे. चंद्राला शशांक म्हणतात ते त्याच डागावरून. पृथ्वीवरच्या सशाला मात्र आपण असा मान देत नाही. आभाळ कोसळले म्हणून पळत सुटणारा भित्रा प्राणी, एवढीच त्याची कीर्ती!

म्हणूनच इतिहास शिकवताना मला एका गोष्टीचे नवल वाटे. विजयनगरची स्थापना १३३६ सालची मानतात. सोळाव्या शतकात तेथे राहून गेलेल्या नूनिश या पोर्तुगीजाने तिची कथा लिहून ठेवली आहे. राजा शिकारीला गेला असता एक ससा पळण्याऐवजी त्याच्या कुत्र्यांवरच उलटला. परतताना भेटलेल्या संन्याशाने राजाला सांगितले, की येथेच नगर वसव. साबरमतीच्या काठी १४११ साली सुलतान अहमदशहाने अहमदाबाद वसवले, त्याचीही आख्यायिका हीच. जेथला ससा कुत्र्याला भारी, तेथली माती शूरांची, असा दोघांचा ग्रह झाला म्हणे. संशोधक या कथांना शशशृंगाच्या पंक्तीत बसवतील आणि ते रास्तच. एकच ससा पंचाहत्तर वर्षांच्या अंतराने दोन राजांना कसा भेटणार?

एकदा हे वर्गात रंगवून सांगत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग त्या सशाचं काय झालं?"

"शहर झालं म्हटल्यावर गेला असेल कुठंतरी!" मी म्हणालो. वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही.

पुढच्याच पावसाळ्यात शाळेच्या बागेत, वांग्यांच्या वाफ्यालगतच्या गवतात मुलांना सशाचे पिल्लू सापडले. मूठभर देह, अंगावर मऊ लव, डोळे टक्क उघडे. आजूबाजूला आईचा पत्ता नव्हता. बिचारे पोरके आहे असे मी ठरवले आणि टोपलीत घालून घरी आणले. कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले. मुलांनी माझी वाहवा केली. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेले.

बागेला पाणी घालणारे म्हातारे काका म्हणाले, "गुरुजी, आई जवळच असती. दिवसा ती पिलापाशी येत नाही, म्हंजे कुत्र्या-कोल्ह्याला जागा कळत नाही. तिन्हीसांजंला येती, पाजती अन् जाती." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "दोन दिवस वाफ्यापाशी घुटमळत होती."

मग मी पुस्तके चाळली. काकांचे बोलणे अक्षरशः खरे निघाले. पाळीव पांढरा ससा मूळचा युरोपातला. त्याचे रानटी भाऊबंद बिळे करतात आणि त्यांची पिल्ले बिळात उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या माळावरचा, मानेमागे काळा डाग असणारा ससा निराळ्या कुळातला. तो बीळ करीत नाही. गवतातला उथळ खळगा हेच त्याचे घर. पिल्ले उघड्यावर जन्मतात, म्हणून लव आणि दृष्टी घेऊनच येतात. दोघांना आपण एकच नाव दिले आणि एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवून मोकळे झालो. दारही नाही आणि कडीही नाही, अशा घरात ज्याचा संसार, त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्या दिवसापासून ती जुनी आख्यायिका मला वेगळी दिसू लागली. मी संशोधक नव्हे, कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर आहे, तेव्हा माझे अनुमान पुरावा म्हणून कोणी घेऊ नये. पण कुत्र्यांवर उलटणारा तो ससा खरोखर असलाच, तर मातीच्या गुणाने उलटला नसेल. जवळच्या गवतात पिल्ले असतील. राजांनी त्याचे शौर्य पाहिले, त्याच्या पायांखालची जमीन पाहिली. गवत मात्र कोणी बाजूला करून पाहिले नाही. मी तर ते पाहूनही समजलो नाही.

पुढल्या वर्षी तोच धडा आला. तो मुलगा वरच्या वर्गात गेला होता. मी त्याला मुद्दाम बोलावून मागच्या बाकावर बसवले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "त्या सशाचं काय झालं, हे कुठल्या बखरीत नाही. पण आपल्या बागेतल्या पिलाचं काय झालं, ते मी सांगतो." टोपलीपासून कापसापर्यंत सारे सांगितले. या वेळी कोणीच हसले नाही.

वांग्यांच्या वाफ्यालगतचा तो कोपरा आम्ही आता खुरपत नाही.